लाल दिवा विझेना: जुन्या गाडीच्या चार्जिंगचा दोष कुठून शोधायचा

आधी लक्षणं. तुमच्या गाडीचं दुखणं यातलं कुठलं आहे ते ठरवा, मगच बोनेट उघडा.

- रात्री गाडी धडधाकट होती. सकाळी किल्ली फिरवली तर सेल्फ ‘टक्’ करून गप्प, किंवा कण्हत-कुथत एखाद-दुसरा फेरा घेतो.
- इंजिन चालू झाल्यावरही डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा जळतच राहतो.
- दिवा विझतो, पण हेडलाइट लावले की पुन्हा मिणमिणतो.
- किल्ली ‘ऑन’ केली तरी लाल दिवा लागतच नाही. याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि यातच पुष्कळ जण फसतात.
- रोज चालवली तर गाडी ठीक. दोन दिवस उभी राहिली की बॅटरी बसलेली.
- बल्ब वरचेवर उडतात, बॅटरीतलं पाणी पंधरा दिवसांत खाली जातं, बोनेटखाली सडक्या अंड्यासारखा वास येतो. इथे दोष कमी चार्जिंगचा नाही, जास्तीचा आहे.
- सुरू करताना, विशेषतः पावसाळ्यात, समोरून चीं-चीं आवाज येतो.

माझ्याकडे १९७२ ची अँबॅसेडर मार्क टू आहे, डायनॅमोवाली. मेव्हण्याकडे नव्वदच्या दशकातली पद्मिनी, तिला अल्टरनेटर. इंजिनाच्या फिरण्यावर वीज करून बॅटरी भरायचं काम दोन्ही करतात. मी गॅरेजवाला नाही, यंत्रमाग कारखान्यात मेंटेनन्स बघतो. पण हातात मीटर असतो, म्हणून ओळखीपाळखीतल्या सगळ्या जुन्या गाड्यांची ही एकच तक्रार माझ्याकडे येते. या तक्रारीपायी मी स्वतः दीड वर्षात दोन नव्या बॅटऱ्या घेतल्या होत्या. दोन्ही वेळा दुकानदार म्हणाला, “बॅटरी संपली.” तो खोटं बोलत नव्हता, बॅटरी खरंच संपली होती. ती का संपली हे त्याने विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. दुसरी बॅटरीही बसली तेव्हा स्टेशनकडच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी ढकलत नेली. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी बोनेट उघडायच्या आधीच विचारलं, “का बे, किती बॅटऱ्या खाल्ल्या गाडीनं?” पुढे काय सापडलं ते त्या तपासणीच्या जागी सांगतो.

आधी ओळखा: डायनॅमो की अल्टरनेटर

डायनॅमो लांबट नळकांड्यासारखा असतो. मागच्या बाजूला दोन वायरी, एक जाड आणि एक बारीक. त्याच्या जोडीला इंजिनामागच्या पत्र्यावर काळं झाकण असलेली डबी असते, तिला आपल्याकडे सरसकट ‘कटआउट’ म्हणतात. खरं तर त्या डबीत, म्हणजे कंट्रोल बॉक्समध्ये, कटआउट आणि व्होल्टेज रेग्युलेटर असे दोघे शेजारी राहतात. डायनॅमो वीज देऊ लागला की कटआउट त्याला बॅटरीशी जोडतो, थांबला की तोडतो; रेग्युलेटर व्होल्टेज आवरतो. अल्टरनेटर बुटका, गोल, अंगाला हवेच्या खिडक्या असलेला. त्याचा रेग्युलेटर बहुतेक वेळा पोटातच असतो.

हे आधी ठरवायचं कारण असं की दोघांचं ‘नॉर्मल’ वेगळं आहे. डायनॅमो आयडलिंगला जवळपास काहीच देत नाही. सिग्नलला उभं असताना लाल दिवा लुकलुकला आणि हेडलाइट पिवळे पडले, तर तो डायनॅमोचा स्वभाव आहे. तेच अल्टरनेटरवाल्या गाडीत दिसलं तर दोष समजा.

आणखी एक. बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय ते डोळ्यांनी बघा. माझ्या गाडीत मायनस आहे. पण ब्रिटिश घराण्यातल्या जुन्या गाड्यांत प्लस बॉडीला जोडलेला सापडतो. अशा गाडीत सवयीने बॅटरी उलटी जोडून बसणारे पुष्कळ आहेत.

१. टर्मिनल: खर्च खायच्या सोड्याचा

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली की ती आधी काढायची. ती वीज अडवते. सेल्फला शे-दीडशे अँपिअर लागतात, तेवढे त्या भुकटीतून जात नाहीत. उलट बाजूने चार्जिंगचा करंटही बॅटरीत पुरा शिरत नाही. भुकटी नसली तरी क्लॅम्प हाताने पिळून बघा. नुसत्या हाताने हलला तर सैल आहे. सैल क्लॅम्पमुळे ‘डायनॅमो गेला’ ठरवून खोललेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. जे टोक बॉडीला जोडलंय ते आधी सोडा, आणि परत जोडताना तेच शेवटी लावा. असं केलं की पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, तिथे ठिणगी आणि बिडी दोन्ही नको. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा. सेलची झाकणं घट्ट हवीत, सोड्याचं पाणी आत गेलं तर ॲसिड मारलं जातं. पुसून, कोरडं करून, क्लॅम्प आवळून वरून व्हॅसलिन.

२. फॅनबेल्ट: खर्च अंगठ्याचा

इंजिन बंद असताना बेल्टच्या सगळ्यात लांब पट्ट्यावर अंगठ्याने जोर द्या. साधारण अर्धा इंच दबला तर ठीक. जास्त दबला तर तो पुलीवर घसरतो, आणि घसरण दिसते ती नेमकी हेडलाइट लावल्यावर, कारण लोड वाढला की डायनॅमो फिरायला जड होतो. बेल्टच्या कडा आरशासारख्या चकचकीत झाल्या असतील तर कितीही ताणा, तो घसरणारच. नवा घाला.

लोक उलटी चूकही करतात. आवाज बंद व्हावा म्हणून तंबोऱ्याच्या तारेसारखा बेल्ट ताणतात. दोन-तीन महिन्यांत डायनॅमोचं बेअरिंग आणि वॉटर पंप दोन्ही बोलायला लागतात. अल्टरनेटर ताणताना पहार त्याच्या मागच्या झाकणावर टेकवू नका. ते ॲल्युमिनियमचं असतं, तडकतं.

चालत्या गाडीत लाल दिवा अचानक लागला आणि टेंपरेचरचा काटाही चढू लागला, तर बेल्ट तुटलेला आहे असं धरून तिथेच थांबा. याच बेल्टवर वॉटर पंप चालतो. मेव्हण्याने तुळजापूरच्या घाटात “वरपर्यंत जाऊ द्या” म्हणत गाडी रेटली. बेल्ट किरकोळ पैशांचा होता, हेड गॅस्केटचं काम किरकोळ नव्हतं.

३. लाल दिव्याचा बल्ब

किल्ली ऑन, इंजिन बंद: दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर आधी बल्ब तपासा. अल्टरनेटरच्या गाडीत हा दोन-सव्वादोन वॉटचा बल्ब फक्त इशारा देत नाही. त्याच्यातून जाणाऱ्या चिमूटभर करंटवर अल्टरनेटर सुरुवातीला जागा होतो. बल्ब उडाला की कित्येक गाड्यांत अल्टरनेटर झोपूनच राहतो, आणि दिवाच नसल्यामुळे तुम्हाला पत्ताही लागत नाही. पद्मिनीचं ‘अल्टरनेटर बदला’ असं एका गॅरेजने सांगितलेलं प्रकरण मी या एका बल्बवर मिटवलं आहे. त्या दिवशी घरात माझा भाव वाढला होता.

डायनॅमोला अशी गरज नसते. त्याच्या लोखंडात मुरलेलं थोडं चुंबकत्व त्याला पुरतं. पण बल्ब तिथेही हवाच, कारण पुढचं निम्मं निदान तोच करतो.

४. बॅटरी खरंच भरलेली आहे का

इथून पुढे डिजिटल मल्टिमीटर लागतो. साधा, स्वस्तातला चालतो.

गाडी रात्रभर उभी असू द्या. सकाळी सुरू करायच्या आधी बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मीटर लावा. १२.६ च्या पुढे म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे पोटात काही नाही. संध्याकाळी गाडी चालवून आल्या-आल्या मोजलं तर आकडा खोटा वर दिसतो. मग मिनिटभर हेडलाइट लावून, बंद करून, थोडं थांबून मोजा. १०.५ च्या आसपासच अडकलेली आणि चार्ज करूनही वर न येणारी बॅटरी म्हणजे सहा सेलपैकी एक मेलेला. ती बॅटरी गेली.

आता कोणाला तरी सेल्फ मारायला लावा आणि मीटरकडे बघा. सेल्फ फिरत असताना साडेनऊच्या खाली पडू नये. बॅटरी १२.६ दाखवते आणि सेल्फला आठावर कोसळते, तर आतल्या प्लेटा थकल्या आहेत. उलट, बॅटरीवर साडेदहा टिकतात आणि सेल्फ तरी रडतो, तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे किंवा सेल्फच आजारी आहे. तो शोध वेगळा.

झाकणं उघडून पाणी बघा. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो, त्यात बोनेटखालची भट्टी वेगळी. थंडीत दीड-दोन महिन्यांनी बघायचं ते उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी बघावं लागतं. प्लेटा उघड्या पडल्या की तेवढा भाग कायमचा वाळतो. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. आपल्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं म्हणून ते कितीही मोलाचं वाटलं तरी बॅटरीला द्यायचं नाही, त्यातले क्षार प्लेटांवर बसतात.

हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) असेल तर सहाही सेल मोजा. १.२५० च्या आसपास किंवा वर म्हणजे चांगलं, १.२०० च्या खाली म्हणजे आधी चार्ज करा. आकड्यापेक्षा सेलमधला फरक जास्त बोलका असतो. पाच सेल १.२४० वर आणि एकच १.१८० वर असेल तर तो सेल बाकीच्यांना घेऊन बुडणार.

हे सगळं आधी करायचं कारण: पुढच्या प्रत्येक चाचणीला भरलेली बॅटरी लागते. उतरलेल्या बॅटरीवर डायनॅमो तपासला तर आकडे दिशाभूल करतात. घरच्या चार्जरवर रात्रभर लावा, मग पुढे या.

५. इंजिन चालू असतानाचा आकडा

मीटर बॅटरीवरच. इंजिन साधारण दीड-दोन हजार फेऱ्यांवर.

अल्टरनेटर: १३.८ ते १४.४. हेडलाइट आणि वायपर लावून १३.५ च्या खाली जाऊ नये.

डायनॅमो: आयडलला साडेबाराच्या आसपास रेंगाळेल, रेस केल्यावर हळूहळू चढत १४ च्या जवळ यावा. रेस करूनही आकडा सकाळच्याच जागी राहिला तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेला तर इंजिन बंद करा आणि पुढचं चालवणं थांबवा. बॅटरी उकळते आहे.

‘चालू इंजिनात बॅटरीचा क्लॅम्प काढून बघ, बंद पडलं तर डायनॅमो गेला’ ही युक्ती आजही सांगतात. करू नका. बॅटरी हा या साऱ्या यंत्रणेचा गादीसारखा आधार आहे, धक्के ती पचवते. ती काढली की व्होल्टेज उसळतं. अल्टरनेटरचे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) क्षणात जातात, डायनॅमोच्या गाडीत बल्ब जातात. मीटर नव्हता त्या काळात ही युक्ती चालून गेली, आता तिची गरज नाही.

इथे आकडा बरोबर आला आणि तरीही बॅटरी बसते, तर कागद-पेन्सिल घ्या. अँबॅसेडरसारख्या गाडीचा डायनॅमो फार तर २२ अँपिअर देतो, तेही रेसमध्ये. इग्निशनला तीन-चार जातात. मूळचे ४५ वॉटचे दोन हेडलाइट साडेसात घेतात. मागचे-पुढचे छोटे दिवे आणखी दोन. इथवर जमाखर्च जुळतो. आता कोणी हौसेने ९०/१०० चे हॅलोजन बसवले की हायबीमला फक्त हेडलाइटच सोळा-सतरा अँपिअर ओढतात. वर म्युझिक सिस्टिम, वर पंखा. रात्री पंढरपूरला जाऊन आलात की बॅटरीतून उसनं काढूनच आलात.

गर्दीतही हेच. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आजूबाजूला तासभर पहिल्या गिअरवर सरकत राहिलं, हॉर्न आणि लाइट चालू, की डायनॅमो काही कमवत नाही आणि बॅटरी देत राहते. दर वर्षी संक्रांतीनंतर मला दोन-तीन फोन येतात. त्यातल्या निम्म्यांच्या गाडीत दोष नसतोच. बॅटरी बाहेरून चार्ज करायची आणि एकदा गाडी लांब फिरवून आणायची.

६. वाटेतली गळती: सगळ्यात जास्त दोष इथे सापडतात

माझ्या दोन बॅटऱ्यांचा गुन्हेगार इथे सापडला. अण्णांनी काहीच खोललं नाही. इंजिन चालू ठेवलं, हेडलाइट लावले, रेस धरायला मला सांगितलं आणि मीटर आधी कंट्रोल बॉक्सच्या ‘ए’ टर्मिनलवर लावला: १४.२. मग बॅटरीच्या टोकावर: १३.४. डायनॅमो कमावत होता चौदा, घरी पोचत होते साडेतेरासुद्धा नाही. मधले आठ दशांश कुठे गेले?

सोलेनॉइडच्या (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचच्या) बोल्टवर कंट्रोल बॉक्सकडून जी जाड वायर येते तिचा थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचं धातूचं कडं, आतून काळा पडला होता. वरून टेप गुंडाळलेला, दिसायला झकास. सेल्फचा मोठा करंट दुसऱ्या केबलने जातो, म्हणून सेल्फ नीट फिरायचा आणि कोणालाच संशय येत नव्हता. पण बॅटरी महिनोन् महिने अर्धपोटी राहिली, प्लेटांवर सल्फेटचा थर बसला, सात-आठ महिन्यांत ती मेली. मग नवी आली आणि तिचंही तेच झालं. नवा थिंबल टाकला, सोल्डर केला. त्या दिवशी घातलेली बॅटरी पुढे चार वर्षं चालली.

तुम्ही असं करा. मीटर व्होल्टवरच ठेवा. लाल टोक डायनॅमो किंवा अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या टर्मिनलवर, काळं टोक बॅटरीच्या प्लसवर. (प्लस बॉडीला असलेल्या गाडीत दोन्ही टोकं त्या हिशोबाने बदला.) क्लॅम्पवर नको, शिशाच्या खुंटावरच टेकवा. इंजिन रेसमध्ये, हेडलाइट चालू. अल्टरनेटरच्या गाडीत ०.३ च्या आत यायला हवं. डायनॅमोच्या गाडीत मध्ये कंट्रोल बॉक्स आणि अँमीटर (करंट दाखवणारा काटा) असल्यामुळे ०.५ पर्यंत चालवून घ्या. जास्त आलं तर मीटरचं एक टोक तसंच ठेवून दुसरं एकेक जोड पुढे सरकवत जा. ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे आकडा उडी मारतो, तोच जोड.

मग अर्थिंग, म्हणजे बॉडीतून परतीची वाट. एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खुंटावर, दुसरं डायनॅमोच्या उघड्या लोखंडावर. ०.२ पेक्षा जास्त नको. जास्त आलं तर इंजिनापासून बॉडीला जाणारी तांब्याची विणलेली पट्टी शोधा. पेंटिंग करून आणलेल्या गाडीत ती हमखास रंगावरच आवळलेली असते. रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा करा, दातेरी वॉशर घाला, मग आवळा. ही पट्टी तुटली तर सेल्फचा करंट मिळेल त्या वाटेने घरी जातो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल हाताला गरम लागली तर समजा, करंट तिथून जातोय. ती केबल जळूही शकते.

लाल दिव्याची भाषाही इथे उपयोगी पडते. तो दिवा डायनॅमोचं टोक आणि इग्निशन यांच्या मध्ये टांगलेला असतो. दोन्हीकडे सारखं व्होल्टेज आलं की विझतो. डायनॅमो काहीच देत नसेल तर तो पूर्ण तेजाने जळतो. डायनॅमो देतो पण कटआउटच्या पॉइंटमध्ये अडतं, तर तो लोडबरोबर मंद मिणमिणतो.

कंट्रोल बॉक्सच्या ‘ई’ टर्मिनलची अर्थ वायरही तपासा. ती सुटली तर उलटं होतं. रेग्युलेटरला खरं व्होल्टेज कळतच नाही, तो डायनॅमोला मोकाट सोडतो. बल्ब उडण्याच्या आणि पाणी आटण्याच्या तक्रारीत मी पहिल्यांदा हीच वायर बघतो.

७. उभ्या गाडीत बॅटरी कोण पितं

बॅटरीचा मायनस सोडा. क्लॅम्प आणि खुंट यांच्यामध्ये १२ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरींनी जोडा. दारं बंद, किल्ली काढलेली. बल्ब जळला तर काहीतरी मोठं चालू आहे. नाही जळला तर तिथेच मल्टिमीटर अँपिअरवर, १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावून मोजा. जुन्या गाडीत घड्याळ वगळता काही चालू असायचं कारण नाही, पन्नास मिलिअँपिअरच्या वर दिसलं तर शोधा. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

मग मोजके असलेले फ्यूज एकेक काढा, आकडा कोणत्या फ्यूजला पडतो ते बघा. फ्यूज काढूनही पडत नसेल तर नंतर बसवलेल्या गोष्टी धरा: टेपरेकॉर्डरची थेट बॅटरीवरून घेतलेली वायर, रिव्हर्स हॉर्न, डिकीचा दिवा. अल्टरनेटरची जाड वायर सोडल्यावर गळती थांबली तर डायोड गेला आहे. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी किंचित कोमट लागणं ही त्याचीच खूण.

डायनॅमोच्या गाडीत एक प्रकार धोक्याचा आहे. कटआउटचे पॉइंट चिकटले तर इंजिन बंद केल्यावर बॅटरी डायनॅमोलाच मोटरसारखी फिरवायला बघते. अँमीटरचा काटा ‘डिस्चार्ज’कडे पार टोकाला गेलेला दिसेल, जळका वास येईल. ताबडतोब बॅटरीचा क्लॅम्प काढा. आधी क्लॅम्प, बाकीचा विचार नंतर.

८. डायनॅमो खोलण्याआधीची शेवटची चाचणी

फक्त लुकास पद्धतीच्या डायनॅमोसाठी, ज्यावर ‘डी’ आणि ‘एफ’ असे दोन टर्मिनल असतात. ५१ आणि ६७ असे आकडे असलेल्या फियाट डायनॅमोची फिल्डची जोडणी वेगळी असते, त्याला हे लावू नका.

दोन्ही वायरी डायनॅमोवरून काढा. ‘डी’ आणि ‘एफ’ एका उघड्या तारेने जोडा. मीटरचं एक टोक त्या तारेवर, दुसरं डायनॅमोच्या अंगावर. इंजिन सुरू करून आयडलपासून अगदी हळू वाढवा. आकडा झरझर चढायला हवा. २० व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका, हजार फेऱ्यांच्या पुढेही नको. इथे रेग्युलेटरचा लगाम नाही, चाचणी काही सेकंदांचीच.

चढला: डायनॅमो निर्दोष, दोष कंट्रोल बॉक्समध्ये किंवा वायरीत. एकाच्या आसपास अडला: फिल्ड वाइंडिंग (आतली स्थिर गुंडाळी) गेलं, दिसतंय ते नुसतं मुरलेलं चुंबकत्व. चार-पाचावर अडला: आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, गेला. शून्य: बहुधा कार्बन ब्रश झिजलेत किंवा अडकलेत.

कार्बन बदलणं घरी होतं. कम्युटेटर (ज्यावर ब्रश घासतात तो तांब्याचा भाग) काळा असेल तर बारीक ग्लास पेपरने फिरवत पुसा. एमरी नको, तिचे कण वीज वाहतात आणि खाचांत रुततात. मागच्या बुशच्या भोकात तेलाचे दोन-तीन थेंब, जास्त घातलं तर ते कम्युटेटरवर येतं. डायनॅमो बदलला किंवा बॅटरी उलटी लागली होती, तर ‘एफ’ची वायर काढून बॅटरीच्या जिवंत (बॉडीला न जोडलेल्या) टोकाची तार डायनॅमोच्या ‘एफ’ला दोन-तीनदा क्षणभर टेकवा. बारीक ठिणगी पडेल आणि चुंबकाची दिशा ठरेल.

इथे हात थांबवा

रेग्युलेटरचे स्क्रू फिरवू नका. झाकण उघडल्यावर ते फार मोह घालतात. ते सेटिंग बॅटरी तोडून, ठरावीक फेऱ्यांवर, तापमान धरून, अर्ध्या मिनिटात करायचं असतं, कारण कॉइल तापली की आकडा सरकतो. मी स्वतः एकदा फिरवला आणि दोन हेडलाइट घालवले. आर्मेचरचं रिवाइंडिंग, कम्युटेटर लेथवर घेणं, डायोड, बेअरिंग ही कामंही जाणत्याकडेच द्या. वायर गरम लागते, इन्शुलेशन वितळलंय, बॅटरी फुगली आहे, व्होल्टेज १५ च्या खाली येतच नाही, यातलं काहीही असेल तर गाडी चालवत नेऊ नका, टोचन लावा किंवा माणूस बोलवा.

कोणाला बोलवायचं? नव्या गाड्यांच्या चकचकीत वर्कशॉपमध्ये डायनॅमो ओळखणारा पोरगा सापडणं कठीण. जुन्या ट्रक-ट्रॅक्टरचे डायनॅमो-सेल्फ बांधणारा गाठा, त्याचा हात यात बसलेला असतो. फक्त ऊसतोडीच्या हंगामात त्याच्या दारात ट्रॅक्टरवाल्यांची रांग असते, तुमच्या हौसेच्या गाडीला तो तिसऱ्या दिवशी हात लावेल. जाताना आकडे कागदावर नेऊन द्या: सकाळचे, सेल्फचे, रेसचे, ‘ए’वरचे. ‘चार्जिंग बघा’ म्हणालात तर तो पहिल्यापासून सुरू करतो आणि तेवढी मजुरी रास्तपणे घेतो.

डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवावा का, हे हमखास विचारतात. रात्रीचा प्रवास, हॅलोजन आणि शहरातलं रोजचं चालवणं असेल तर बसवा, माझी हरकत नाही. पण जुन्या बारीक वायरीवरून चाळीस अँपिअर नेऊ नका, मुख्य वायर जाड टाकून घ्या, जुन्या अँमीटरची क्षमता बघा आणि प्लस बॉडीला असलेली गाडी आधी मायनसवर आणून घ्या. रविवारी सकाळी हिप्परग्याच्या तलावापर्यंत जाऊन येण्यापुरती गाडी असेल तर आहे तो डायनॅमो पुरे.

काम झाल्यावर बॅटरी चार्जरवर पूर्ण भरूनच गाडीला लावा, रिकामी बॅटरी भरायचं ओझं नव्या कार्बनवर टाकू नका. आठ दिवसांनी सकाळी पुन्हा मीटर लावा. १२.६ दिसले तर बोनेट लावून टाका. १२.३ दिसले तर सातव्या तपासणीपासून परत सुरू करा.